ओला जोड

१० फेब्रुवारी १९९८
आजपासून पंचगंगेवरच्या नव्या पुलावर हजेरी कारकून. नववी नापासाला वही-पेनाचं काम, म्हणून आईने करकरणाऱ्या नव्या चपला घेतल्या. नदीत लोखंडी पत्रे ठोकून हौद केला आहे. पंप आतलं पाणी उपसतो आणि वीस फूट खाली सहा गडी कोरड्यात खांबाचा पाया भरतात. खाली चिखल, म्हणून चपला शिडीच्या तोंडाशी फळ्यांवर काढायच्या. त्या मी मोजतो. जोड उरला नाही म्हणजे खाली माणूस नाही. नदी फुगली तर मगच शिडी ओढून झडप उघडतात, पाणी आत घेतात. नाहीतर बाहेरच्या पाण्याने पत्रे दबतात. गुंडू म्हणाला, "पावणं, आमचा जीव तुमच्या मोजण्यावर हाय की!" सगळे हसले. मी पुन्हा मोजलं.

१४ फेब्रुवारी
गडी सहा, जोड सात. सातवा जुना, ओला; डावा अंगठा नव्याने शिवलेला. वहीत सात लिहिले. अंबादास मिस्त्री ओरडले, खोड ते, त्यो जोड मोजायचा न्हाय, हातबी लावायचा न्हाय. कारण सांगेनात.

१६ फेब्रुवारी
जेवताना गुंडूने सांगितलं. गेल्या साली इथल्याच एका गड्याच्या, कृष्णातच्या, चपलेचा अंगठा तुटला. जोड चांभाराकडे टाकून तो अनवाणीच आला आणि उतरला. वर जोड उरला नाही, म्हणून मिस्त्रींनी झडप उघडली.


१९ फेब्रुवारी
कडक ऊन. जोड सुकत नाही. सकाळी नदीकडे तोंड होतं, आता माझ्या खुर्चीकडे.

२१ फेब्रुवारी
धरणाचं पाणी सोडलंय. नदी चढते आहे. सहाही वर आले, जेवायला गेले. मिस्त्री झडपेकडे यायला निघालेत.
खालून शिडीवर ठोकतंय कोणीतरी.
सहाच होते. तीनदा मोजले. पण माणूस राहिला असला तर— चपला काढल्या. बघून येतो.

तळाशी. कोणी नाही.
वर फळ्यांच्या फटींतून एकच जोड दिसतो. ओला. माझा नाही—
वर माझ्या चपलांची करकर. काठाकाठाने दूर जाते आहे.
मिस्त्री आले. वाकून फळ्यांवरचे जोड बघताहेत. हाका मारतोय, पण पंप त्यांच्या शेजारीच धडधडतोय— ओला जोड ते मोजत नाहीत—
शिडी वर गेली.
मिस्त्रींची चूक नाही. त्यांनी नियमाने मोजलं. कोणाला वही सापडली तर—
पाणी घोट्यापर्यंत. नीट लिहितो. हौदात माणूस एक. वर जोड—