करवतीचे वजन

४ सप्टेंबर
जुनी करवत यंदा न्यायची नाही, हे ठरले. ती सासऱ्यांच्या मटणाच्या दुकानातली – पोलादी, लांब पात्याची. डोंगरात वाहून नेण्याची वस्तू नव्हे. वसंतात माझ्या बायकोच्या, जोलीनच्या, उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी एल्कच्या, म्हणजे त्या थोराड हरणाच्या, शिकारीला होकार दिला. ओझ्याविषयी मात्र "जपून" एवढेच म्हणाले. जपून म्हणजे किती? ते आता मला ठरवावे लागेल.

७ सप्टेंबर
कर्टिसच्या दुकानात तीन करवती हाताळल्या. एक घडीची, बिजागरी सैल. दुसरीची मूठ रक्ताने ओल्या झालेल्या हातातून निसटेल. तिसरीचे पाते पातळ, दाते बारीक, मूठ पोकळ. मी खिशातला वजनकाटा काढून ती तोलू लागताच कर्टिस म्हणाला, "मेरिल, करवत घेतोयस की बायकोला अंगठी?"
तिसरी घेतली.

१२ सप्टेंबर
स्वयंपाकघरात चाचणी. बैलाचे नळीचे हाड सफाईने कापले गेले. जोलीन दारातून पाहत होती.
"रश्श्यातलं हाड आहे ते. शिजलेलं. एल्कची कवटी अशी ऐकून घेत नाही."
तत्त्व तेच, असे मी म्हणालो.
"तत्त्वाला शिंगं नसतात, मेरिल."

१३ सप्टेंबर
तिच्या माहेरची रीत अशी, की ज्याची गोळी त्यानेच कवटी कापून शिंगे सोडवायची. ती आम्ही आजवर मोडलेली नाही. जेवताना मी सुचवले, यंदा कवटी मी कापीन. तिने काटा-चमचा खाली ठेवला.
"मग गोळीही तूच झाड."
मी काळजीने बोललो होतो. तिला ती निवृत्तीची नोटीस वाटली असावी. जेवण तसेच राहिले.

९ ऑक्टोबर
सामान बांधले. तिच्या पिशवीतले जड ते सारे माझ्या पिशवीत हलवले, मग तिची पिशवी पुन्हा तोलली.
"पिशवी तोलतोयस की मला?"
नवी करवत तिने स्वतःकडे मागून घेतली.

१५ ऑक्टोबर, तंबूत
जोलीनने नर टिपला. एकाच गोळीत. मांड्या आणि पुढचे पाय सांध्यांतून सुरीनेच सुटले. तिथे करवतीचे काम नव्हते. कवटीपाशी मात्र नवी करवत अडली. ओले हाड, चरबी, केस – बारीक दाते बुजून गेले. शिवाय हलक्या पात्याला स्वतःचा भार नाही; प्रत्येक ओढीला खांद्यानेच दाबावे लागते. तिच्या त्याच खांद्याने. मी पुढे झालो.
"हात मागे घे."
तिने पिशवीच्या तळातून, गुंडाळलेल्या पांघरुणातून, वडिलांची करवत काढली! मी पिशवी तोलून झाल्यावर तिने ती आत ठेवली होती. सारा चढ तिने ती वाहिली होती. पाते कवटीवर टेकवले आणि सावकाश मागेपुढे नेले. दाबण्याचे काम करवतीच्या वजनानेच केले. शिंगे सुटली.
"जड नाही झाली?" मी विचारले.
"झाली की. पण ते मला ठरवायचं होतं."
चाचणी मी घेतली होती खरी. पण माझ्या खांद्याने.

१६ ऑक्टोबर
मागची मांडी सर्वांत जड. ती जोलीनने मागितली. पट्टे मी आवळले. तोलली नाही.