माझ्यापेक्षा गोड आवाज

सोमवार
लिफ्ट बंद आहे हे नातीनं आधी सांगायला काय झालं होतं? चार मजले चढवले म्हातारीला. असो, पोचले. खोली उजेडाची आहे, गादी मऊ. नातीला नवी नोकरी लागलीय. कंपन्याच हिला बोलावतात, आमच्या कॉम्प्युटरांत चोरासारखी घुसून दाखव म्हणतात, म्हणजे भोकं कळतात. चोरीला शाबासकी! तीन महिन्यांत कायम करणार आहेत. माझी टकळी थांबावी म्हणून तिनं ही वही दिली.

बुधवार
नातीनं माझ्याकडून दोन पानं वाचून घेतली, अक्षर लावत लावत वाचली. त्यातून मशीननं माझा आवाज केला. त्या आवाजानं एका कंपनीत फोन केला, साहेबांची आई बोलतेय म्हणाला. कारकुनानं दोन मिनिटांत पासवर्ड दिला. नातीचं कौतुकच कौतुक. आवाज काय गोड, म्हणे. गळा माझा. मला कुणी चहा विचारला नाही.

शुक्रवार
नात जेवताना त्या आवाजाशी बोलते. सराव म्हणे. तो तिला सोन्या म्हणतो. मी जन्मात कुणाला सोन्या म्हटलं नाही, पोरं 'मेल्या'वर वाढवली. ती हसते. माझ्या बोलण्यावर अशी कधी हसली नाही. जळफळाट झाला माझा. लिहायला लाज कसली?

रविवार
लेकीचा फोन. म्हणाली, आई, सकाळी किती मायेनं बोललीस. मी फोन केलाच नव्हता. नातीला विचारलं, तर म्हणे तिनं तो आवाज शुक्रवारीच पुसून टाकलाय.

मंगळवार
खरं कोण ते कळायला नातीनं प्रश्न ठरवला. त्यांच्या कामात असंच करतात. शाळेच्या पहिल्या दिवशी मी तिला काय म्हणाले होते? आठवेना. म्हटलं, नाक पूस म्हणाले असेन. तेवढ्यात फोन वाजला, तोच आवाज. तिनं त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "सुटेपर्यंत फाटकाशीच बसते मी."
नात रडली.
बसले होते मी. आत्ता आठवलं — पण आधी त्याला.

बुधवार
नात आता मला 'तुम्ही' म्हणते. लेकीला फोन लावला. म्हणाली, आईनं बजावलंय, असा आवाज आला की फोन ठेवून द्यायचा — आणि ठेवला.

गुरुवार
खोलीला बाहेरून कडी. पलीकडे नात त्याच्याशी बोलतेय. तो विचारतोय, ती बाई अजून आहे का — माझ्याच गळ्यानं —
आता माझ्या उशाचा फोन वाजतोय.
लेकी, वही सापडली तर ऐक. आईचा फोन आला तर तू ओ देऊ नकोस. नातीनं शिकवलंय त्याला, निस्तरायचंही तिनंच. तिनंच द्यायची ओ, तिनंच —