नायकाच्या आईची आठ मिनिटं

३ फेब्रुवारी

घेतलं! मला घेतलं! सकाळीच दिग्दर्शिकेचा फोन. गेल्या वर्षीच्या त्या सुपरहिरोच्या सिनेमात मी त्याची आई होते — नवव्या मिनिटाला पूल कोसळतो नि मी खपते. एवढंच काम! पण लोक म्हणे सारखं विचारतात, त्याला उडायची ताकद आली कुठून? म्हणून आता आठ मिनिटांचा वेगळा व्हिडिओ. आणि उत्तर काय, तर आईकडून! म्हणजे त्याच्या आधी मी उडायचे.

इतकी वर्षं वहिनी केल्या, काकू केल्या, शेजारणी केल्या. कायम कुणाच्या तरी मागे उभी. आणि आता बावन्नाव्या वर्षी उडणार!

नवरा म्हणाला, "आधी गुडघ्याला विचार."

५ फेब्रुवारी

संहिता आली. हिरमुसले. बाई नुसती रडते. उडते एकदाच, तेही पाळण्यातलं पोर वाचवायला. बाकी वेळ खिडकीत उभी राहून उसासे.

आई गेल्या वर्षीपासून आमच्याकडेच असते. तिला वाचून दाखवायला गेले, तर म्हणाली, "ते राहू दे, मटार सोलू लाग जरा."

८ फेब्रुवारी

धीर करून विचारलंच. दिग्दर्शिका माझ्या लेकीच्या वयाची, पण सगळे मॅडम म्हणतात, मीही. म्हटलं, "मॅडम, हिला उडता येतं. मग ही एकदाही मजा म्हणून उडली नसेल?"

ती पेन चावत बसली. "ताई, निर्माते ओरडतील." जरा वेळानं — "ओरडू देत!"

आता नवा प्रसंग: पोर झोपलंय, नवरा कामावर. ती गच्चीवर कपडे वाळत घालते, इकडेतिकडे बघते — आणि उडते. उगाच!

१२ फेब्रुवारी

टांगलं मला! पट्टे कमरेला, मांड्यांना — काचतात मेले. तारा ओढणारे काका खालून ओरडत होते, "अंग सैल सोडा, वहिनी!" सैल कसलं, मी डोळे घट्ट मिटून देवाचा धावा करतेय! आधी किंचाळले. मग भोवऱ्यासारखी गरगर फिरले. माझ्याऐवजी लटकायला एक मुलगी तयार ठेवली होती — "पाठमोरीच तर दिसणार." नको म्हटलं. एवढ्या वर्षांनी माझी पाळी आली, तर पाठ तरी दुसरीची कशाला?

शेवटी डोळे उघडले. खाली सगळे एवढेएवढेसे. आणि मला हसूच फुटलं. भूमिकेतलं नव्हे, माझं! आवरेचना. दिग्दर्शिका 'कट' म्हणायची विसरली.

१३ फेब्रुवारी

उठवत नाही, बसवत नाही. झकास वाटतंय.

२० फेब्रुवारी

निर्माते म्हणतात, हसू काढा. "पुढे मरणार आहे ती. हसते कशाला?"

दिग्दर्शिका तणतणत त्यांच्या खोलीत गेली. दार बंद. आत नुसती वादावादी! बाहेर आली ती लालबुंद होऊन. "राहिलं, ताई! पण खिडकीतलं रडणं ठेवावं लागलं."

रडते की! रडण्यात हयात गेली माझी.

२ मार्च

आला व्हिडिओ! लेकीचा फोनवर फोन. कोपऱ्यावरची दुकानदारीण परवापर्यंत म्हणायची, "त्या पुलाखाली मेलेल्या तुम्हीच ना?" आज म्हणाली, "काकू, तुम्ही हसलात आणि मला रडू आलं हो." पाव न घेताच परत आले.

३ मार्च

आत्ताच आईला दाखवला. पुन्हा लाव म्हणाली. मग चष्मा पुसत, अगदी सहज —

"लग्नाआधी मी सर्कशीत होते. उंच झोक्यावर. तुझ्या बाबांनी मला तिथंच पाहिलं. सासूबाईंनी शपथ घातली होती, पोरांना कळता कामा नये."

माझा चहा हातातच राहिला. "आई! अगं, एवढी वर्षं?"

"बस इथं," म्हणाली.

पेन ठेवते. ती सांगायला लागली आहे.