गाड्यांचा तुकडा

॥ श्री ॥

परळ, मुंबई
ता. ९ ऑगस्ट १९३८

ती. रघूदादास,
वत्सलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. ह्यांना जाऊन वर्ष झाले, आता मुंबईत कोणाच्या आधाराने राहतेस, धसईला निघून ये, असे लिहिलेस. तुझी माया कळते. पण दादा, मी येणार नाही. का, ते नीट ऐक.

हे सिनेमा कंपनीत देखावे उभारणारे सुतार होते, म्हणून त्यांच्यामागे शेठनी मला फिल्मचे तुकडे चिकटवायच्या कामावर घेतले. बोलपट सगळा एका दमात घेत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी घेतात. कोणता तुकडा कुठे ठेवायचा, किती लांब ठेवायचा, हे ठरवून जोडले की त्याची गोष्ट होते. ठरवणारा वेगळा, मी नुसती चिकटवणारी. मागल्या महिन्यात तो गृहस्थ काम अर्धे टाकून दुसऱ्या कंपनीत गेला. मी म्हटले, मी पुरे करते. शेठ हसले. पण दुसरे कोणी मिळेना, तेव्हा करू दिले. बोलपटातली आई हरवलेल्या मुलाला ओळखते तिथे रडारड होती, वर गाणे होते. मी सगळे काढले, तिचा नुसता चेहरा ठेवला. शेठनी पाहिले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

बोलपटाच्या आरंभी नावांची पाटी येते, तिच्यावर नाव त्यांच्या मेहुण्याचे आले. येऊ दे. हे काम मला येते, एवढे मला कळले, ते कोणी पुसू शकत नाही.

आईला सांग, वेळेवर जेवते. रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी
वत्सला

॥ श्री ॥

धसई
ता. १२ जानेवारी १९३९

चि. वत्सलास,
रघूचे अनेक आशीर्वाद. इकडे आमी सारे खुशाल.

म्हशाच्या जत्रेला बैल बघायला गेलो होतो. तिथे तंबूत तुझाच बोलपट लागलेला. आईने हट्ट धरला, म्हणून नेली. खेळ संपला तशी ती तंबूवाल्याला विचारू लागली की माझ्या पोरीचं नाव कुठं हाय. तो म्हणाला, आजी, बायांत नावं नाचणाऱ्यांचीच येतात. आई त्याच्यावर अशी तापली की भोवती जत्रा जमली. आता पंचक्रोशीला कळले. भाऊबंद म्हणतात, रघूने विधवा बहीण सिनेमात ठेवलीय. मला मान वर करून चालता येत नाय. तू परत यावीस असे मला अजून वाटते.

पण आईने सांगितले ते तिच्या शब्दांत लिहितो. नाव लागल्याबिगर घरी येऊ नको गो, म्हणते.

शकू आता शाळेत जाऊ लागली. तिला आत्याचा विसर पडू देत नाय.

तुझा
रघू

॥ श्री ॥

शहापूर
ता. २ मार्च १९४६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मुक्काम धोंडूबाई मावशीकडे आहे. तिने तुला कळवलेच असेल की मी कंपनी सोडली. सात वर्षे कापले, जोडले, आणि दर वेळी पाटीवर दुसऱ्याचे नाव वाचले. शेवटी शेठना म्हटले की येत्या चित्राला माझे नाव घाला. ते म्हणाले, बाईने कापलेय कळले तर चित्र कोण घेईल? मी हातमोजे काढून मेजावर ठेवले आणि निघाले.

आता माझे स्वतःचे चित्र करते आहे. एका ओळखीच्या छायाचित्रकाराने जुना कॅमेरा वापरायला दिला, कंपन्यांतून उरलेली फिल्म गोळा केली. त्यात आवाज नाही. दाखवताना बाजूला उभी राहून मीच बोलणार. विषय टोकावड्याच्या रानातल्या कोळशाच्या भट्ट्या. लढाईत मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या तसा तिथला ठेकेदार गब्बर झाला. पण भट्टी निवायच्या आत उघडायला लावतात आणि डोंगरवाडीच्या बाया अनवाणी आत शिरतात. त्यांतली गंगी मला म्हणाली, बाय, आमचं पाय बघ, मग तोंडाचं चित्र काढ. मी पायांपासूनच सुरुवात केली.

तुझ्या बैलगाड्या तिथून कोळसा वाहतात, हे मला तिथे गेल्यावर कळले. तू कधी बोलला नाहीस.

वहिनीला नमस्कार. तुझ्या मनात माझी जागा असू दे.

वत्सला

॥ श्री ॥

धसई
ता. २० सप्टेंबर १९४६

चि. वत्सलास,
आशीर्वाद.

ठेकेदार दारात येऊन गेला. तुझ्या बहिणीने भट्टीचं चित्र काढलंय, त्यात तुझ्या गाड्या हायत, तुझीच अब्रू जाणार, म्हणाला. वर हसत म्हणाला की पुढल्या साली भाडं कोणाला द्यायचं ते बघू.

मी तुला कधी काही मागितले नाय. आज मागतो. माझ्या गाड्यांचा तुकडा काढून टाक. बाकी ठेकेदाराचे काय दाखवायचे ते दाखव. मी काय कोणाचे पाय भाजले? मी भाड्याने गाड्या हाकणारा माणूस, माल भरतो, पोचवतो. मला याच गावात राहायचे आहे.

आईला हे पत्र दाखवलेले नाय.

रघू

॥ श्री ॥

दादर, मुंबई
ता. ४ ऑक्टोबर १९४६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचले. इथे एका खोलीत मी काहीजणांना फिल्म कापायचे-जोडायचे काम शिकवते. त्यांना पहिल्याच दिवशी सांगते की तुकडा टाकण्याआधी स्वतःला विचारा, चित्रासाठी टाकतोय की आपल्यासाठी.

तू म्हणालास म्हणून तो तुकडा काढून पाहिला. चित्र चालते. कोणाच्या लक्षातही आले नसते. पण मग भट्टी गरम असताना का उघडतात, ते कळतच नाही. दादा, भट्टीच्या तोंडाशी तुझ्या गाड्या जुंपून उभ्या असतात, गाडीवान घाई करतात, म्हणून मुकादम ओरडतो, म्हणून गंगी आत शिरते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. तुला हे ठाऊक नव्हते असे मी धरून चालते.

तुकडा परत जोडला आहे. तो राहील. डिसेंबरात टोकावड्याला खेळ करणार. तू माझे तोंड पाहिले नाहीस तरी मी तुला पत्र टाकत राहीन.

वत्सला

॥ श्री ॥

धसई
ता. २९ डिसेंबर १९४६

चि. वत्सलास,
रघूचे अनेक आशीर्वाद.

ताप उतरला का ते आधी कळव. तू तापाने आली नाहीस, तुझा रामू ऑपरेटर चित्र दाखवायचे यंत्र घेऊन एकटाच उतरला. मी जाणार नव्हतो. आईने गाडी जुंपायला लावली.

दिवेलागणीला टोकावड्याच्या खळ्यावर पडदा बांधला. डोंगरवाडी सगळी खाली आली, गाडीवाले आले, ठेकेदारही खुर्ची टाकून पुढे बसला. पाटी आली. त्यावर तुझे नाव होते. शकूने आईला मोठ्याने वाचून दाखवले. आईने पुन्हा वाचायला लावले, तोवर पाटी गेलीसुद्धा.

पण चित्राबरोबर बोलणार कोण? रामूला काही ठाऊक नाय. तेव्हा गंगी उठली, पडद्याशी जाऊन उभी राहिली, म्हणाली, हे माजं पाय, मीच सांगते. आधी तिची माणसे स्वतःला बघून हसत होती, हळूहळू हसू थांबले. मग माझ्या गाड्या आल्या. सगळे माझ्याकडे वळले. मला वाटले, आता ही मला शिव्या घालणार. ती एवढेच बोलली की ह्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या का आमाला आत जावा लागतं, गाडीवाल्यांना आतलं दिसत नाय. वत्सला, शिवी घातली असती तर बरे झाले असते. मला आतले दिसत होते. मी बघत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला सांगून आलो की भट्टी निवल्याचा निरोप आल्याबिगर माझी गाडी रानात शिरणार नाय. धसईच्या बाकी गाडीवाल्यांनीही तेच सांगितले. त्यांतल्या एकट्या नथूने ऐकले नाय, तो जातो. ठेकेदार मुरबाडच्या गाड्या आणायच्या खटपटीत आहे. माझे भाडे बहुतेक गेले. भात आहे, भाजी आहे, बाजार आहे, चालेल. पण मुरबाडच्या गाडीवाल्यांनी हे चित्र बघायला हवे, आणि लवकर. गंगी बोलायला येते म्हणाली. तू तारीख कळव, पडद्याला जागा मी बघतो.

आणखी एक. शकू सातवी पास झाली. स्थळे बघत होतो, ती थांबवली. तिला तुझे काम शिकायचे आहे, मलाही ती शिकायला हवी आहे. भाऊबंद बोलतील, त्यांच्याशी मी बोलेन. संक्रांत झाली की कल्याणला तिला आगगाडीत बसवून देतो. दादरला तू उतरवून घे.

आईचा तुला आशीर्वाद. शिमग्याच्या सणाला घरी ये, वाट बघतो.

तुझा
रघूदादा