प्रार्थनेत घातलेले चार टाके

चि. खारूताईस,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. तुझी पाठदुखी, जावईबापूंचा खोकला आणि बाळाचे दात, सगळं मार्गी लागलं असेल असं धरून चालते. लागलं नसेल तर लगेच कळव, म्हणजे मला सल्ला देता येईल. इकडे सगळं ठीक. तुझ्या बाबांना सर्दी झाली आहे आणि आपलं आता काही खरं नाही असं त्यांचं म्हणणं आहे. मी त्यांना आल्याचा चहा देते आणि फार लक्ष देत नाही.

शनिवार-रविवार मात्र दम खायला फुरसत मिळाली नाही. शिवणाच्या मशीनवर बसून माझे गुडघे आखडलेत, तेव्हा रोज सकाळी तळ्याभोवती चाला, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी जायला लागल्यापासून तिथल्या मंडळींची चाल पुष्कळ सुधारली आहे (मी मागून येऊन त्यांना सांगते). सुधारत नाही तो एकच माणूस, कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातला चष्मेवाला. हा रमतगमत चालतो आणि मध्येच थांबून बदकं बघतो. (तुझ्या बाबांना जाड भिंगाचा चष्मा लागलाय असं भर दुकानात सांगणारा तो हाच. तेव्हापासून बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय आणि पेपर हात लांब करून वाचतात. आता हातही पुरेनासे झालेत.) शनिवारी मी त्याच्या बरोबरीने चालले, ते केवळ त्याला वळण लागावं म्हणून. त्याला काही लागलं नाही, माझंच बिघडलं. घरी पोचले तेव्हा तुझ्या बाबांनी स्वतःचा चहा स्वतः करून घेतला होता. यावरून किती उशीर झाला ते समज.

चालता चालता माझं लक्ष गेलं त्याच्या कोटाकडे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली बिचाऱ्याची, आणि कोटाकडे बघून ते कळतं. खालची दुमड उसवलेली, अस्तर बाहेर डोकावतंय. कुणाला नळ ठिबकलेला सहन होत नाही, तसं मला उसवलेलं बघवत नाही. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "असू दे हो, मागे मला कुठे दिसतंय." चष्मेवाल्याने असं बोलावं म्हणजे कमाल आहे.

रविवारी प्रार्थना आणि मग सगळ्यांचं एकत्र जेवण. मी पहाटेपासून मटार घातलेला भात आणि भाजलेली वांगी करण्यात गुंतले होते, म्हणून हॉलमध्ये पोचायला उशीर झाला आणि रिकामी खुर्ची उरली ती नेमकी चष्मेवाल्याच्या शेजारची. (उशीर मला कधी होत नाही, हे तू जाणतेस.) कोटाचं ते टोक माझ्या खुर्चीवर लोळत होतं. प्रार्थनेच्या शेवटी सगळे डोळे मिटून मौन पाळतात. ते थोडक्यात आटपायचं असतं, पण प्रार्थना सांगणारे आजोबा मौनात झोपी जातात आणि त्यांना उठवायची कुणाची छाती होत नाही. आता सगळ्यांचे डोळे मिटलेले, वेळ हवा तेवढा, सुईदोरा माझ्या पर्समध्ये. देवाने याहून स्पष्ट काय सांगायचं? मी कोट ओढून घेतला आणि टाके घालायला लागले. डोळे मीही मिटलेलेच ठेवले, उगाच बेअदबी नको. हाताला सगळं समजतं.

आजोबा जागे झाले, सगळे गाण्यासाठी उभे राहिले, आम्हीही राहिलो, आणि माझी शाल निघाली चष्मेवाल्याबरोबर. मांडीवरची शाल मध्ये कशी आली कोण जाणे. कोट आणि शाल, दुहेरी दोऱ्याने पक्के शिवलेले. मागच्या रांगेतल्यांचं गाणं बंद पडलं. हॉलची देखभाल करणारी बाई कात्री घेऊन धावली, तर हा गृहस्थ शांतपणे म्हणतो, "राहू द्या. घाईत कापड फाटेल. आधी जेवून घेऊ."

मग काय, तसेच रांगेत उभे राहिलो आणि तसेच शेजारी बसून जेवलो. त्याने वांगी तीनदा मागून घेतली. तुझ्या बाबांचे केस कापणारा न्हावी मीठ मागायला आमच्याच टेबलापाशी पुन्हा पुन्हा येत होता. खरं तर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं.

बाकी विशेष काही नाही. बाळाला गोड पापा.

तुझी,
आत्या

ता.क. विशेष आहे. आज सकाळी तळ्यावर त्याने मला विचारलं आणि मी हो म्हणून बसले. तो म्हणाला, पहिल्याच टाक्याला सुई टोचली होती, पण हललो असतो तर तुमची शिवण वाकडी गेली असती. खारूताई, असा माणूस मला कुठे मिळायचा? आता तुझ्या बाबांना कुणीतरी सांगायला हवं. सर्दी उतरली की ते केस कापायला जाणार, आणि तिथे न्हावी वाट बघतोय. त्याआधी तू ये. मी कुणालाही तोंडावर सांगायला घाबरत नाही, पण तुझी आई गेल्यापासून आम्ही भाऊ-बहीण एकाच टेबलाशी जेवतोय, आणि "दादा, मी निघाले" हे माझ्या तोंडून निघत नाही. म्हणावं, रोज जेवायला येईन. दोघंही येऊ, त्यांना चालत असेल तर.

आणखी एक. सांगताना "आत्याच्या हातून चुकून शिवलं गेलं" असं मात्र म्हणू नकोस. दादांचे सगळे शर्ट मीच शिवत आले आहे. माझ्या हातून चुकून काही शिवलं जात नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.