कातळावरची बाळंतीण

हांको काला,
१८ जानेवारी

लाडक्या नीवेस,

आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. बटाट्याला फुलं आली आहेत. लामांचा कळप सध्या तुझा मामा चारतो आहे. का, ते पुढे सांगतो.

आधी तू विचारलेलं. आपल्या कातळावरचा सरडा आणि खालच्या दरीतला सरडा एकाच जातीचे, असं तुझे सर म्हणतात ना? त्यांना म्हणावं, एकदा हातात घेऊन बघा. दरीतल्याच्या पाठीवर बोट फिरवलं तर खरखरतं, प्रत्येक खवल्याला मधोमध उंच कणा असतो. आपल्याची पाठ कशी गुळगुळीत! खवले एकावर एक असे बसलेत की चर्चच्या कौलांनी लाजावं. नराच्या कुशी नारिंगी, गळ्याला काळा पट्टा, तोही मधे तुटलेला. शेपटीच्या मुळाशी, पोटाकडून, मेणासारख्या ठिपक्यांची रांग. मादीला ती नाही. एवढ्याशा जिवावर देवाने किती वेळ घालवला असेल! मी तर बघतच राहिलो.

एवढ्या जवळून कसं पाहिलं, हे तू विचारणारच. कातळावरून पाय घसरला आणि डावी नडगी मोडली. दवाखान्यातल्या बाईंनी फळ्या बांधल्यात. काळजी करू नकोस.

तुझी बासिलिया आत्या फळ्यांवर थोडीच थांबते! अख्ख्या गावाची हाडं तिने सरडे वाटून, लेप लावून बसवली आहेत. पाटा धुऊन, डबाभर सरडे घेऊन हजर.

"अक्का, हे नीवेसचे सरडे आहेत. हात लावू नकोस."

"नीवेसचे? तिने जन्माला घातले का? तुझं हाड काय तिची पुस्तकं जोडणार? हो लंगडा, मग बस लामांमागे खुरडत!"

खोटं नव्हती बोलत. त्या लेपाने उठून चालू लागलेली माणसं मी पाहिली आहेत. कळपामागे चढता आलं नाही तर माझं काय, ही धास्ती होतीच. तरी तिच्या हातून डबा ओढला आणि पोटाशी धरून बसलो.

तेवढ्यात त्यातली एक जाडी मादी कुंथायला लागली. अंडं नाही, नीवेस! पातळ पडद्यातून अख्खं जिवंत पिल्लू बाहेर आलं, आणि थोड्या वेळाने आईच्या पाठीवर चढून बसलं. दरीतली अंडी घालते, हे तूच सांगितलं होतंस. अक्का पाटा सोडून आली. आजवर इतके सरडे वाटले तिने, पण हे कधी पाहिलं नव्हतं.

"अगं बाई, ही तर बाळंतीण," एवढंच म्हणाली. मग डबा शालीत गुंडाळून स्वतः कातळावर चढली आणि सगळे सोडून आली. आल्यावर पाटा उचलून ठेवला.

हाड जुळतंय, पण वाकडं. घरात चालेन, चढ आता संपला. कळप मामाकडेच राहील. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू?

आपला सरडा वेगळ्याच जातीचा, हे तुझं म्हणणं खरं ठरलं तर त्या नव्या जातीला माझं नाव देणार म्हणे तू. नको. आत्याचं दे. माझा नुसता पाय गेला, तिने तर जन्मभराचा विश्वास त्या कातळावर सोडून दिला.

अभ्यास टाकून धावत येऊ नकोस. पण ये. कातळावर आता तुलाच चढायचंय.

खालून तुला हाका मारायला बसलेला,
तुझा ताता