ताईच्या हातावरच्या गाठी

बाबा, तुम्ही ताईला बिबा लावलात ती दुपार आज मी एका परक्या डॉक्टरीणबाईला सांगून बसले. साठ वर्षं आपल्या घरात तिचा विषय कोणी काढला नव्हता. माझ्या बावीस वर्षांच्या नातीची टाच चिमटीत धरून त्या बाईने विचारलं, घरात कोणी तरुणपणी छातीत दुखून गेलं का? टाचेमागच्या शिरेवर गाठ होती, पिवळट, तुरीच्या दाण्याएवढी. ती पाहिली आणि आधी मला राग आला. तुमचा, बाबा. भीती नंतर वाटली.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या हिवाळ्यात ताईला पाहायला कळंबचे पाहुणे येणार होते. ती पंधराची, मी अकराची. तिच्या टाचांवर, कोपरांवर, बोटांच्या पेरांवर लहानपणापासून तशाच गाठी. तुम्ही त्यांना चामखीळ म्हणायचात. "असे हात घेऊन पाहुण्यायपुढे पानसुपारी ठेवशीन काय?" असं म्हणून तुम्ही दाभणाला बिबा टोचला आणि चुलीच्या विस्तवावर धरला. कातडी जाळणारं तेल सुटलं. मला तिच्या पायांवर बसवलंत, मायला तिचे हात धरायला लावलेत. ताई गुरासारखी ओरडते आहे, पाय झाडते आहे, आणि तुम्ही एकेक गाठ शोधत पुढे सरकता आहात. माय म्हणाली, "पुरे करा नं आता, लेकरू मरून जाईन." तिच्या कानशिलात अशी बसली की ती भिंतीवर आपटली. दोन दिवसांत बिबा उतला, फोड आले, ताईचे हात सुजून टम्म झाले, पाहुणे बघून परत गेले. गाठी होत्या तिथेच राहिल्या.

पाहुणे फिरल्याचा राग तुम्ही तिच्यावरच काढलात. ओल्या जखमांनी तिला कापूस वेचायला नेलंत. थोडं वेचलं की ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसायची.

"बाबा, छातीत आवळून राह्यलं."

"वेचाले आलं का आवळते, जेवतानी नाही आवळत काय?"

आणि बैलाची काठी. हे पंधरा दिवस चाललं. शेवटच्या दिवशी तिसऱ्या तडाख्याला ती पडली. पडलेलीलाही तुम्ही आणखी दोन हाणल्यात. मग एकदम खाली बसलात, तिचं डोकं मांडीवर घेतलंत आणि "ऊठ नं बाई, ऊठ," म्हणत राहिलात. गावात सांगितलंत की कोणीतरी करणी केली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तातली चरबी अशी गाठींमध्ये साचते, तीच हृदयाच्या नळ्यांत. हा दोष आईबापांकडून येतो. माय तुमच्या सख्ख्या मामाची मुलगी; ताईला तो दोन्हीकडून मिळाला असणार. तुमच्या पापण्यांच्या कोपऱ्यांतही पिवळ्या चकत्या होत्या, मला चांगल्या आठवतात. त्यांना कोणी बिबा लावला नाही. तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं, तेव्हा कोणालाच नव्हतं, हे मी मान्य करते. पण मुलगी धापा टाकते आहे हे समजायला डॉक्टर कशाला लागतो? नातीला आता रोज गोळी घ्यायची आहे. तिच्या बापाचं आणि माझंही रक्त तपासायला घेतलं. पोर हसत होती, मला म्हणाली, आजी, तू कायले रडतेस.

हा कागद कोणाला दाखवायचा नाही, म्हणून एवढं लिहिते. ताईनंतर दुसऱ्या वर्षी तुम्ही गोठ्यात कोसळलात, तिथेच गेलात. चाळिशीही गाठली नव्हती. मी मायला सांगितलं की मी विहिरीवर होते, मला काही ऐकू आलं नाही. आज डॉक्टरीणबाईलाही तेच सांगितलं. मी विहिरीवर नव्हते, बाबा. मी ओसरीत ज्वारी पाखडत होते. तुम्ही माझं नाव घेऊन दोनदा हाक मारलीत, आणि मी सूप खाली ठेवलं नाही.